बांधावरची वही : एका गावाच्या शेतीयोजनांच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

आज वही सुरू केली. संक्रांतीनंतरच्या बचत गटाच्या बैठकीत वरच्या वस्तीवरच्या काकूंनी विचारलं, "सरकार ठिबकाला पैसे देतं, फळझाडांना देतं, बांधबंदिस्तीला देतं असं ऐकते. आपल्या वस्तीत कुणाला मिळालेत का गं?" आम्ही चौदा जणी बसलो होतो. पीएम किसानचे हप्ते सोडले तर कुणालाच सांगता येईना. शेवटी ठरलं की मी आणि आणखी दोघींनी शोध घ्यायचा आणि जे कळेल ते लिहून काढायचं. कोणती योजना कुठल्या दारात मिळते, तिला कोणता कागद लागतो, आणि गावात कोण पात्र असून बाहेर राहिलंय, एवढं सापडलं तरी पुष्कळ.

दुसरं काम पाण्याचं. आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेत. वर मुरमाड माळ, मधे हलकी रानं, खाली ओढ्याकाठी थोडी काळी. पाऊस पडला की वरची माती खाली येते आणि मार्चपासून विहिरी तळ दाखवतात. ठिबकाचं अनुदान मिळवलं आणि विहिरीतच पाणी नसलं तर काय करायचं? म्हणून शेतकऱ्याची योजना आणि शिवाराचं काम दोन्ही एकाच वहीत लिहिणार आहे.

१६ फेब्रुवारी

तालुक्याला गेले होते. मला वाटलं होतं एक कार्यालय असेल, तिथे यादी मिळेल. तसं नाही.

तालुका कृषी अधिकारी कार्यालय राज्याच्या कृषी विभागाचं. ठिबक, तुषार, अवजारं, भाऊसाहेब फुंडकर फळबाग, शेततळं हे इथलं, आणि अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पंचायत समितीत वेगळा कृषी विभाग आहे, तो जिल्हा परिषदेचा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना, अनुसूचित जमातींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना. नवी विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती या गोष्टी तिथून होतात. त्याच आवारात रोजगार हमीचा कक्ष. बंधारे आणि पाझर तलाव मृद व जलसंधारण विभागाकडे. सौर पंपाचं काम महावितरणकडून. त्यात शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के.

दोन कृषी विभाग आहेत हेच आमच्या गावात निम्म्या लोकांना माहीत नाही. एका दारात "आमच्याकडे नाही" असं ऐकलं की माणूस परत फिरतो, आणि ती योजना भिंतीपलीकडच्या खोलीत असते. दारांचा नकाशा काढून समाजमंदिरात लावायचा.

पोकराचीही, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचीही, चौकशी केली. त्याच्या पहिल्या टप्प्यात बीडसह १५ जिल्हे होते, दुसऱ्यात २१ जिल्ह्यांतली ७,२०१ गावं आहेत. शेजारच्या गावाचं नाव आहे, आमचं नाही. तिथे पाहुणे आहेत म्हणून चालत नाही, जमीन त्या गावच्या शिवारात असावी लागते. आमच्या तीन घरांची थोडी रानं शिवेपलीकडे आहेत. त्यांचे गट नंबर टिपून घेतले.

२ मार्च

दारांचा नकाशा लावला. पहिल्याच दिवशी अकरा जण विचारायला आले, त्यातले आठ विहिरीसाठी.

रोजगार हमीतून सिंचन विहिरीला नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात ४ लाख रुपये ठरले होते, पण त्याला अटी आहेत. जॉबकार्ड, म्हणजे रोजगार हमीचं मजुराचं कार्ड, हवं, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेता येत नाही. खालच्या वस्तीतल्या चौघांची जागा नळयोजनेच्या विहिरीजवळ येते. हे त्यांना आजच सांगून टाकलं. सहा महिने हेलपाटे घालून कळण्यापेक्षा बरं.

२३ मार्च

आज दिवसभर सातबारे बघितले. मला वाटायचं अडचण अर्ज भरण्याची असेल. ती त्याच्या फार आधी, गाव नमुना सातमध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या मालकीच्या भागात आहे.

येत्या १५ एप्रिलपासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे लोक ज्याला फार्मर आयडी म्हणतात तो, बंधनकारक होतोय. तो आधारावरून निघतो आणि त्याला खातेदाराचे सगळे गट जोडले जातात. म्हणजे आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव यांचा मेळ बसायला हवा. आमच्या गावात एकच माणूस सातबाऱ्यावर 'बापू', आधारवर 'बापूराव' आणि बँकेच्या पासबुकावर तिसऱ्याच नावाने आहे. विहीर डोळ्यांना दिसते, पण सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. मग ठिबकाच्या अर्जात पाण्याचा स्रोत काय दाखवायचा? चार भावांचं सामाईक खातं, त्यातला एक सुरतला, एक बोलत नाही. एकाने अर्ज करायचा तर बाकीच्यांची संमती हवी.

आम्ही तिघींनी ६२ खात्यांचे उतारे पाहिले. बिनअडचणीचे १९ निघाले. २१ खाती अशी, की खातेदार वारलाय आणि वारसांची नावं चढलेलीच नाहीत. काही ठिकाणी अजून आजोबा खातेदार आहेत. ही जमीन कसणाऱ्या माणसाला सरकारी कागदात शेतकरी म्हणायला जागाच नाही. तो दुष्काळाच्या मदतीत नाही, विम्यात नाही, अनुदानात नाही.

काकू त्या एकवीसमध्ये आहेत.

६ एप्रिल

जिवंत सातबारा मोहीम १ एप्रिलपासून राज्यभर सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांच्या नोंदी घेण्यासाठीच ती आहे. आमच्या वहीला यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती.

काकूंकडे जाऊन बसले. काका २०२१ मध्ये गेले. त्यांच्या नावावर चार एकर, तीन मुरमाड आणि एक बरी. काकूंना एक मुलगा, एक मुलगी. मुलगी सासरी, गेवराईकडे. काकूंचे दीर म्हणाले, "मुलीचं नाव कशाला? तिचं लग्नात केलंय सगळं. काकूचं आणि पोराचं लावा."

मी हे नीट विचारून आले होते, म्हणून सांगितलं. काका मृत्युपत्र न करता गेले. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलगा, मुलगी आणि मयताची आई हे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांचा हक्क सारखा. नाव गाळून नोंद केली आणि पुढे हरकत आली तर सगळं परत पहिल्यापासून. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिचं नाव राहू द्या. तिला नको असलं तर ती तिच्या तोंडाने सांगेल." दिरांना ते पटलं नाही, पण भावजयीच्या शब्दापुढे ते गेले नाहीत. आजींचंही, म्हणजे काकांच्या आईंचंही, नाव घ्यायचं आहे, त्या हयात आहेत.

लागलेले कागद पुढच्यांसाठी लिहून ठेवते. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती देणारं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांचे आधार आणि पत्ते. वारसांची नोंद आधी गाव नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, पडतो, सगळ्यांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मृत्यूचा दाखला मिळवायलाच आम्हाला चार दिवस गेले. काका जिथे वारले त्या ठिकाणच्या नोंदीत नावात चूक होती.

२० एप्रिल

महाडीबीटीचं काम. या वर्षापासून सोडत बंद झाली, जो आधी अर्ज करील त्याला आधी. माझं मन यावर दोन्हीकडे जातं. सोडतीत नशीब होतं, तीन तीन वर्षं अर्ज करून नंबर न लागलेली माणसं आमच्यातही आहेत. पण आता ज्याचे कागद तयार तो पुढे, आणि ज्याचे वारस अजून चढायचेत तो मागे. म्हणजे काकूंसारखी माणसं आपोआप शेवटी. याला उपाय एकच, कागद आधी. म्हणून उरलेल्या २० खात्यांचं काम अर्जांच्या आधी घ्यायचं ठरलं.

बिनअडचणीच्या १९ पैकी सात जणांचे ठिबकाचे अर्ज भरले. अल्प आणि अत्यल्पभूधारकाला केंद्राचं ५५ टक्के आणि राज्याचं पूरक २५ टक्के मिळून ८० टक्के. दोन हेक्टरांहून जास्त असलेल्याला एकूण ७५ टक्के. पोर्टलची अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे. एका सेवा केंद्रावर आमच्यातल्या एकाकडून याच कामाचे साडेतीनशे घेतले होते. आता फीचा आकडा मोठ्या अक्षरात समाजमंदिराच्या भिंतीवर लिहिलाय.

यापुढची गोष्ट सगळ्यांना ओरडून सांगावी अशी आहे. पूर्वसंमती, म्हणजे खरेदीआधीची सरकारी मंजुरी, हातात येईपर्यंत काहीही विकत घ्यायचं नाही. खालच्या आळीतल्या दादांनी दोन वर्षांपूर्वी दुकानदाराच्या सांगण्यावरून संच आधी बसवला, बिल आधीच्या तारखेचं झालं आणि अनुदान गेलं. थोड्याथोडक्या पैशांचा प्रश्न नव्हता, त्यांचं वर्षाचं गणित कोसळलं होतं.

आणखी एक अडचण कागदात दिसत नाही. पैसे मागून येतात. आधी पूर्ण रक्कम भरा, संच बसवा, मोका तपासणी, म्हणजे रानात येऊन पाहणी, होऊ द्या, मग खात्यात जमा. ज्याच्याकडे आधी भरायला रक्कम आहे त्यालाच ८० टक्क्यांचा आधार मिळतो. बचत गटाच्या बँकेतून ठिबकासाठी वेगळं कर्ज काढता येईल का, ते बघायचं आहे.

१ मे

ग्रामसभा. वहीतलं वाचून दाखवलं. एवढी माणसं ऐकत उभी राहतील असं वाटलं नव्हतं.

एक रुपयात पीक विमा येत्या खरिपापासून बंद होतोय, हेही सांगावं लागलं. दोन दिवसांपूर्वी मंत्रिमंडळाचा निर्णय झाला. आता खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला ५ टक्के शेतकऱ्याने भरायचे.

सभेनंतर माथ्यावरच्या रानाचे मालक भेटले. ते पुण्याला असतात, अक्षय्य तृतीयेला आले होते. त्यांच्या रानातूनच सगळं पाणी खाली सुटतं. बांधाचं काढल्यावर म्हणाले, "बांधात जमीन जाते, आणि फायदा खालच्याला." हे खरंच आहे, उगीच नाकारण्यात अर्थ नाही. उद्या बरोबर चला, रान पाहू, एवढंच म्हटलं.

२ मे

शिवारफेरी. आबा, म्हणजे माझे सासरे, पुढे. १९७२ च्या दुष्काळात ते नालाबंडिंगच्या, म्हणजे नाल्यावर बांध घालायच्या, कामावर होते, पंधरा वर्षांचे. सुकडी खाऊन दगड वाहिले. आमचा पाझर तलाव तेव्हाचाच. आबा चालताना प्रत्येक जुना बांध हाताने दाखवत होते, कुठला कुणाच्या मुकादमीत झाला तेही. मला ते बांध म्हणून कधी दिसलेच नव्हते, नुसते झुडपांचे उंचवटे वाटायचे.

पुणेकर दादांना हिशेब सांगितला. एका हेक्टरवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होतं. ते उतारावर मोकळं सुटलं तर वेग घेतं आणि वरची बोटभर माती नेतं, जी तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. म्हणून काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं. डोंगरावर समपातळी चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), त्याखाली रानात कंपार्टमेंट बंडिंग (रानाचे कप्पे पाडणारे मातीचे बांध), ओहळात अनघड, म्हणजे न घडवलेल्या दगडांचे, बांध, आणि नाल्यावरचं सगळ्यात शेवटी. खालून सुरुवात केली तर पहिल्याच पावसात बंधारा गाळाने भरतो.

माझं एक मत इथे लिहून ठेवते. जलयुक्त शिवार या राज्याच्या पाणी अडवण्याच्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात नाला खोलीकरणावर जोर होता, कारण यंत्र लावलं की काम लवकर दिसतं. २०२० मध्ये कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने, ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही असं नोंदवलं. आमच्या ओढ्यातही खोदाई मुरमाच्या खाली काळ्या पाषाणापर्यंत गेली. या पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठतं वरच्या मुरमात, आणि आपण तोच मुरूम उकरून काढला. खोलीकरणाची मागणी करू नका म्हटल्यावर दोघे नाराज झाले, पण आबांनी माझी बाजू घेतली.

तसंच प्लॅस्टिकच्या शेततळ्याचं. बोअरचं पाणी उपसून तळ्यात भरायचं म्हणजे सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या तळ्यात घेऊन उन्हात ठेवायचं. पावसाचं वाहतं पाणी अडवणारं तळं असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या यादीत तेवढंच घ्यायचं.

पुणेकर दादा दुपारी माथ्यावर बराच वेळ उभे होते. त्यांच्या रानाला पडलेली घळ त्यांनी या वर्षी पहिल्यांदा बघितली. घळीत त्यांच्या वडिलांनी लावलेल्या बाभळीची मुळं उघडी पडलीत. दोन अटींवर तयार झाले. बांध त्यांच्याच हद्दीत राहील आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणारी वाट, त्यांच्या विहिरीकडे निघणार नाही. दोन्ही लिहून घेतल्या, सही घेतली.

११ मे

माती नमुने. पेरणीआधी घ्यायचे म्हणून घाई केली. नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल, त्याच्या कडेची माती. बांधाजवळची, उकिरड्याजवळची, झाडाखालची नाही. सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून पिशवीत.

मृद आरोग्य पत्रिका २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात १२ गोष्टी तपासतात. आमच्या घरातही जुनी पत्रिका निघाली, ती कुणी उघडून वाचली नव्हती. तिच्यात सेंद्रिय कर्ब कमी लिहिलाय. माझ्या घरचीच गत ही, तर इतरांना काय सांगू?

१८ मे

पाझर तलावाचा गाळ. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेत अल्प आणि अत्यल्पभूधारकांना गाळ वाहून पसरायला घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे मिळतात, एकरी १५ हजारांच्या आत आणि अडीच एकरांपर्यंतच, म्हणजे एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त ३७,५०० रुपये. विधवा आणि अपंग शेतकऱ्यांना जमीन जास्त असली तरी लाभ आहे. ग्रामपंचायतीचा ठराव, मागणी, तलावाचं मोजमाप या सगळ्यातून काम पाच दिवसांपूर्वी सुरू झालं.

गाळ कुणाला द्यायचा यावर वाद झाला. ज्यांचे ट्रॅक्टर आहेत त्यांनी आधी न्यावा असं चाललं होतं. सरपंचताईंनी हलक्या रानवाल्यांची यादी आधी धरली, काळीवाल्यांना थांबवलं. काळ्या रानात गाळ टाकून काही मिळत नाही, मुरमाडात टाकला तर तिथे ओल धरते. काकूंच्या रानात ३१ खेपा पडल्या.

२७ मे

गाळाचं काम बंद. मे महिन्यात एवढा पाऊस आबांनीही पाहिलेला नाही. तलावात पाणी आलंय, यंत्र बाहेर काढलं. ठरलेल्या निम्म्याहून कमी गाळ निघाला. मान्सूनही परवा राज्यात पोचला.

वर्गणीतून माथ्यावरच्या तीन रानांत बांध घालून झालेत, दगडी सांडव्यासकट. खालच्या रानांचे सांडवे राहिले. काकूंचं त्यातलंच. हे काम आम्ही आमच्या पैशाने केलंय, रोजगार हमीत याची मागणी लावायची नाही, असं सगळ्यांदेखत ठरलं. झालेलं काम कागदावर पुन्हा दाखवलं की पुढच्या खऱ्या कामाचा रस्ता बंद होतो.

काकूंचा फेरफार मंजूर झाला. चार नावं. काकू, मुलगा, मुलगी, आजी.

१३ जून

काकूंचा शेतकरी ओळख क्रमांक निघाला, गावातल्या शिबिरात, पैसा न लागता. पीएम किसानची नवी नोंदणीही केली. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आली तर लाभ नाही अशी अट आहे, पण खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाला मिळालेली जमीन त्यातून वगळलीय. एका ठिकाणी आम्हाला "२०२५ ला नाव लागलं, बसत नाही" म्हणून परत पाठवलं होतं. नियमाचा कागद घेऊन पुन्हा गेलो तेव्हा अर्ज घेतला.

६ जुलै

फळबाग. आमच्या डोंगराला सीताफळ मानवतं; बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. मार्ग दोन. अल्पभूधारक आणि जॉबकार्डवाला असेल तर रोजगार हमीतून, त्यात अगदी पाच गुंठ्यांपासून दोन हेक्टरांपर्यंत. त्यात न बसणाऱ्यांना भाऊसाहेब फुंडकर योजना, किमान २० गुंठे, कोकण सोडून इतरत्र कमाल ६ हेक्टर. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के, पण दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जगलेली दिसली पाहिजेत. ही अट मला फार आवडली. लावण्याला नाही, जगवण्याला पैसे. म्हणूनच ज्याच्याकडे उन्हाळ्यात झाडाला घालायला हंडाभर पाणी नाही त्याला आम्ही या वर्षी थांब म्हणतोय.

कृषी सहायकांनी, त्यांचं पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झालंय, रविवारी येऊन दोन तास दिले. सहा गावं एका माणसाकडे. त्यांना दर वेळी एकेकाने फोन करण्यापेक्षा प्रश्न वहीत गोळा करायचे आणि महिन्यातून एकदा विचारायचे, असं ठरलं.

१५ ऑगस्ट

ग्रामसभेत रोजगार हमीच्या पुढच्या वर्षाच्या कामांची यादी. आमच्याकडे या वेळी गट नंबर, उतार, मालकाची संमती सगळं तयार होतं. डोंगरावरचे समपातळी चर, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल. चौदा रानांत बंडिंग. नऊ फळबागा, त्यात काकूंची एक एकर. ओहळात अकरा दगडी बांध. यादी वाचायला वीस मिनिटं लागली. मागच्या वर्षीच्या ठरावात 'जलसंधारणाची कामे घेण्यात यावीत' एवढी एकच ओळ होती.

ठिबकाच्या सातांपैकी पाच जणांना पूर्वसंमती आली. दोघांच्या त्रुटी, दोन्ही विहिरीच्या नोंदीच्या.

२४ सप्टेंबर

चार दिवस वही उघडली नाही. जिल्हाभर पुराने हाहाकार केलाय. सिंदफणेकाठच्या गावांचं ऐकवत नाही, तिथली जनावरं, घरं, सगळं गेलंय. आम्ही उंचावर म्हणून वाचलो, पण ओढ्याकाठचं सोयाबीन आडवं, कापूस पाण्यात.

सकाळी तिघी आणि आबा रान पाहायला गेलो. माथ्यावरच्या तीन रानांचे बांध उभे आहेत, सांडव्यातून पाणी गढूळ न होता निघतंय. पुणेकर दादांना फोटो पाठवला. काकूंच्या रानात बांध दोन ठिकाणी फुटला, जिथे सांडवा राहिला होता अगदी तिथेच. पाणी तुंबलं आणि फोडून गेलं. गाळाच्या ३१ खेपांपैकी बरीच माती खालच्या बांधाला जाऊन साचलीय, आणि वीस-पंचवीस गुंठे मुरूम उघडा. बांध घातला आणि सांडवा ठेवला नाही, तर बांध नसलेला बरा. हे मला मे महिन्यात माहीत होतं. पाऊस लवकर आला हे खरं, पण आठ दिवस जूनमध्ये उघडीप होती, तेव्हा दगड लावता आले असते. आम्ही ते पुढे ढकललं.

काकू काही बोलल्या नाहीत. फुटलेल्या जागी उभ्या राहून म्हणाल्या, "इथून दोन हात अलीकडे ठेवू या आता, तिथे खडक लागतो."

१ ऑक्टोबर

पंचनाम्याचं पथक आलं. वही घेऊन बरोबर फिरलो. गट नंबर, क्षेत्र, पीक, खरडलेली जमीन टेपने मोजून. सगळं आधीच लिहिलेलं असल्याने वस्तीचं काम दोन दिवसांत उरकलं. फेब्रुवारीतल्या एकवीस खात्यांपैकी सतरांवर आता जिवंत माणसांची नावं आहेत. चार राहिली, त्यातल्या दोन घरांत भावांचा वाद आहे.

१२ ऑक्टोबर

७ तारखेला सरकारने ३१,६२८ कोटींची मदत जाहीर केली. वहीच्या नव्या पानावर आमच्या उपयोगाचं तेवढं उतरवलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, आणि ती पुन्हा तयार करायला रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंत. बुजलेल्या विहिरीला ३० हजार. रब्बीच्या बियाणं-खतासाठी हेक्टरी १० हजार जादा. ओळख क्रमांक असलेल्यांना वेगळी ई-केवायसी नको.

रोजगार हमीच्या ३ लाखांत काकूंच्या रानाची भरपाई आणि दगडी सांडवा दोन्ही बसतं का, हे सोमवारी पंचायत समितीत विचारायचं. ऑगस्टच्या यादीत त्यांची फळबाग आधीच आहे, एकाच गटाची दोन कामं वेगवेगळ्या नावांनी जाऊ नयेत म्हणून मागणी दुरुस्त करून घ्यायची.

संध्याकाळी चावडीसमोर बाधितांची यादी वाचली. खातेदारांची नावं क्रमाने. काकूंचं नाव आलं तेव्हा त्यांना पटकन कळलंच नाही, काकांच्या नावाची वाट बघत होत्या. शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं. मग त्या उठून पुढे गेल्या आणि क्षेत्राचा आकडा पुन्हा एकदा वाचायला सांगितला.